चोरगाठ

सासरे रिटायर झाले आणि शिडाच्या होड्यांच्या क्लबात दोरीच्या गाठी शिकायला जाऊ लागले. तिथे त्यांना चोरगाठ कळली. दिसायला अगदी साध्या गाठीसारखी, फक्त दोरीचं एक टोक वर राहतं आणि दुसरं खाली. चोराच्या ते लक्षात येत नाही. तो पिशवी उचकतो, सवयीने साधी गाठ मारून ठेवतो, आणि दोन्ही टोकं एकाच बाजूला येतात.

मुळात संशयी माणूस, त्यात माकडाच्या हाती कोलीत!

त्यांनी कपाटातल्या आपल्या पिशवीला चोरगाठ मारली. संध्याकाळी पाहतात तर टोकं एकाच बाजूला. दुसऱ्या दिवशीही तेच. पिशवीतलं काहीच गेलं नव्हतं, तरी जेवताना माझ्याकडे बघत म्हणाले, "घरातच कुठेतरी पाणी मुरतंय."

मी ताटावरून उठले आणि माहेरी जायला बॅग भरायला घेतली. तेव्हा सासूबाईंनी ती पिशवी आणून त्यांच्यापुढे आदळली.

"बांधा आता. सगळ्यांसमोर बांधा तुमची ती चोरगाठ."

"बघा, नीट डोळे उघडून बघा!" सासरे म्हणाले, आणि जन्मभर दुकानात पार्सलं बांधलेल्या हातांनी त्यांनी झटक्यात गाठ आवळली.



दोन्ही टोकं एकाच बाजूला आली.