अंकुर निघायच्या आत

गाडी दोन तास लेट होती आणि कावून लेट होती ते नत्थुजींना सांगायला कोणी तयार नव्हतं. ते तरी विचारणार कोणत्या भाषेत? अकोला डेपोत तेहतीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस बोलिव्हियातल्या एका बसस्टँडवर, पाठीवर सॅक घेऊन, बाकड्याच्या कडेला टेकला होता. आजूबाजूला गोल टोप्यांच्या बाया गाठोड्यांवर मान टाकून डुलक्या घेत होत्या. त्यांना घाई नव्हती. घाई एकट्या नत्थुजींना होती.

अंकुर निघायच्या आत त्याला गाठायचं होतं.

आठ दिवसांत हे सहावं स्टँड. प्रत्येक ठिकाणी ते पोराचा फोटो काढत, हमालांना दाखवत, हमाल माना हलवत. ऑगस्टात इथे हाडं गोठवणारी थंडी, आणि उंची एवढी की दहा पावलं चाललं की धाप लागायची. एकदा गाडीत शेजारच्या बाईने त्यांची दशा पाहून चघळायला कसली तरी सुकी पानं दिली. कडू जहर, पण डोक्याचा ठणका जरा उतरला. पासष्टीच्या माणसाने असं हिंडू नये, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

अंकुर शेतकी शिकलेला. तेल्हाऱ्याला राहून एका कंपनीचं कपाशीचं बियाणं विकायचा. लागोपाठ दोन वर्षं बियाण्याने दगा दिला. गावोगावचे लोक त्याला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि तेच त्याला झेपलं नाही. ज्या घरात पोहे खाल्ले, त्याच घरच्या मौतीला जायची पाळी आली. २००६ साली सोयाबीनच्या शेतावरची नोकरी धरून तो इतक्या लांब निघून आला. नोकरी टिकली नाही. मग पाठीवर सॅक टाकून या गावाहून त्या गावाला, गाड्या बदलत हिंडत राहिला. एक दिवस दरीत कोसळलेल्या गाडीत त्याची सॅक सापडली, आत पासपोर्ट. खाली नदी होती, तिने बरेच जण नेले होते. प्रेत ओळखायला जावं लागेल म्हणून नत्थुजींनी तेव्हा घाईघाईत स्वतःचा पासपोर्ट काढला, पण ओळखायला काही मिळालंच नाही. अकोल्यात तेरवी झाली.

आणि आता तीन वर्षांनी पत्र आलं. जिवंत आहे, एका बसस्टँडवर सामान चढवतो, कागदपत्रं झाली की दिवाळीपर्यंत घरी येतो. खाली पत्ता नाही.

शेजारच्या मोतीरामने विचारलं, पोरगा येतोच आहे तर तुम्ही कशाला एवढं सातासमुद्रापलीकडे चालले? नत्थुजी म्हणाले, त्याचं ‘येतो’ म्हणजे आपल्या एसटीचं ‘आता सुटते’. मोतीराम हसला. निघताना बायकोने, आशाबाईंनी, ललितासाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांतले अकरा लाडू डब्यात भरले. त्याले पोटभर खाऊ घाला, एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

ललिताला सातवा लागला होता. गेल्या वर्षी वैशाखात नत्थुजींनी आपल्या हाताने तिचं कन्यादान केलं, चांदूर बाजारच्या मास्तरला दिली. पाठवणीला ते असे रडले, की मास्तरच त्यांना धरून बसला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती आता अकोल्याला आली होती. जीव होता त्यांचा तिच्यावर.

गाडी सुटायच्या आधी त्यांनी बूथवरून घरी फोन लावला. तिनेच उचलला.

‘काही पत्ता लागला का, बाबा?’

‘नाई लागला.’

ती म्हणाली, ‘मले भेव वाटते.’

भिऊ नको, मी आहे, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

ओरुरो नावाच्या शहराला गाडी सकाळी पोहोचली. नत्थुजी खाली उतरले आणि फोटो काढायची गरजच पडली नाही. समोरच्या गाडीच्या टपावर एक जण पोती रचत होता. दाढी वाढलेली, रंग रापलेला, पण पोतं मांडीवर घेऊन वर फेकायची तऱ्हा घरचीच. त्यांनी हाक मारली. तो वळला, टपावरून घसरतच खाली आला आणि बापाच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. नत्थुजींना तो मिठीत फार हलका लागला. पोरगा जिवंत होता. देवा, जिवंत होता.

दोघं भिंतीच्या आडोशाला उन्हात बसले. अंकुर एकामागून एक लाडू खात होता आणि सांगत होता. त्या दिवशी त्याने आपल्याकडच्यासारखी जागा धरायला सॅक सीटवर टाकली आणि चहाला उतरला. इथल्या ड्रायव्हरला काय माहीत, सॅक म्हणजे माणूस येणार आहे! गाडी निघून गेली. दुसऱ्या दिवशी मेलेल्यांच्या यादीत त्याने स्वतःचं नाव ऐकलं आणि त्याला सुटल्यासारखं झालं. मेलेल्या माणसाला तेल्हाऱ्यात तोंड दाखवावं लागत नाही. पण तीन वर्षं मेलेलं राहणंही सोपं नाही, बाबा, असं म्हणून त्याने डोळे पुसले.

मग खिशातून कागद काढले. सगळे झाले होते. गुरुवारी निघायचं होतं. बरं झालं तुम्ही आले, आता सोबतच जाऊ, म्हणाला.

नत्थुजींनी ते कागद हातात घेतले, नीट घडी केली आणि त्याच्या मांडीवर परत ठेवले. आठ दिवसांचा शीण एकदम अंगावर आल्यासारखा झाला.

‘आई बरी आहे?’ अंकुरने विचारलं.

‘बरी आहे.’

मग तो खाली पाहत, लाजल्यासारखं म्हणाला, ‘अन् माही ललिता?’

‘सुनेले म्या लेक म्हणून दुसऱ्या घरी देली, बाप्पा,’ नत्थुजी म्हणाले. ‘मी तुले न्याले नाई आलो. अडवाले आलो.’