एक गोळी, एक खिडकी

"माजघरात एक आहे. परसात कोणी नाही. दादा, तू कोठीमागे बस."

कमलिनीच्या हातातली मटाराची शेंग सोलायची राहून गेली. आतल्या खोलीतला आवाज शिवांगीचा होता, आणि शिवांगी चक्क मराठी बोलत होती. चहा हवाय का विचारलं तरी "नहीं मम्मी" म्हणणारी ही पोरगी! सासूबाई, अनुसूयाबाई, गेल्यापासून या घरात मराठी बोलणारी कमलिनी एकटीच उरली होती. आणि एकटीनं बोलायचं म्हणजे देवाशी, नाहीतर भांड्यांशी. माजघर, परसू हे तर सासूबाईंचेच शब्द. झाशीच्या सदर बाजारमागच्या या फ्लॅटला धड बाल्कनी नाही, परसू कुठून आलं?

ती मटाराची परात उचलून लेकीच्या शेजारी जाऊन बसली.

कॉम्प्युटरवर एक ओसाड गाव दिसत होतं. शिवांगी एका पडक्या घराच्या खिडकीआड लांब नळीची बंदूक रोखून बसली होती.

"कोणाला मारायचंय?" कमलिनीनं विचारलं.

"टंकी पर जो बैठा है, उसको. सीपरी बाज़ार की टीम है, दो लोग हैं. इधर मैं और दादा." दादा म्हणजे अक्षत, नोएडात नोकरीला असलेला, तो तिथून खेळत होता. "आज जीते तो फाइनल खेलने लखनऊ जाएँगे, मम्मी."

"मग मार की. बसलीयस काय नुसती?"

"जो पहले हिला, वो गया. और एक गोली चलाई, तो खिड़की छोड़ो. नहीं तो दूसरा वाला जगह पकड़ लेता है."

ट्यूबलाइटमागची पाल याहून वेगळं काय करते, असं कमलिनीच्या मनात आलं. पण तिला खरी उत्सुकता दुसरीच होती.

"आणि हे मराठी कशाला?"

शिवांगीनं कीबोर्डवरचं एक बटण दाखवलं. ते दाबूनच बोलता येतं, आणि आवाज सगळ्या मैदानाला ऐकू जातो, दोस्त असो की दुश्मन. "हिंदी तो सब समझते हैं. मराठी झाँसी में कौन समझेगा?"

कमलिनीला हसावं की रडावं कळेना. कोणाला कळत नाही म्हणून पोरीनं टाकलेली भाषा, कोणाला कळत नाही म्हणूनच कामाला आली होती.

तेवढ्यात गोळी सुटली. कोठीमागे दडलेला अक्षत आडवा झाला. "अरे यार, इसको कैसे पता चला?" स्पीकरमधून तो करवादला. या खेळात मेल्यावरही बोलता येत होतं, तेवढी एक सोय होती.

शिवांगीनं बटण दाबलं. "दादा, मी माळ्यावर जाते." ती जिना चढली, माळ्याच्या झरोक्यातून डोकं वर काढते न काढते तोच गोळी कानाजवळून गेली. ती धडपडत पुन्हा खालच्या खिडकीशी आली.

"ये तो पहले से यहीं देख रहा था," ती बटण सोडून म्हणाली.

कमलिनीचं मटार सोलणं कधीच थांबलं होतं. "अगं, त्याला मराठी कळतंय."

"हो ही नहीं सकता. नाम देखो, बुंदेला लिखा है."

"नावावर काय जातेस? भिंतीलाही कान असतात." या गावात आपलं बोलणं कळणारं कोणीतरी आहे, या नुसत्या शंकेनंच तिला बरं वाटायला लागलं होतं. शत्रू का असेना. "खोटं सांगून बघ. लगेच कळेल."

शिवांगीनं पहिल्यांदाच पडद्यावरची नजर काढून आईकडे पाहिलं. मग बटण दाबलं. "दादा, मी परसात जाते. विहिरीजवळ."

आणि ती जागची हलली नाही.

टाकीवरची सावली मात्र हलली. दुर्बिणीची काच उन्हात चमकली, बंदूक नेमकी विहिरीकडे वळली. शिवांगीनं गोळी झाडली. सावली टाकीवरून खाली कोसळली.

"खिड़की छोड़!" अक्षत ओरडला. "दूसरा बचा है!"

पण त्याच्या आवाजावर चढून दुसराच आवाज आला. बाईचा, पिकलेला, आणि चांगलाच संतापलेला.

"अगं, परसात जाते म्हणालीस ना? मी नातवाला तस्संच सांगितलं! खोटं बोललीस होय?" मागून एक पोरगा कळवळत होता, "नानी, माइक छोड़ो ना!" नानी कसली सोडते! "कुणाची गं तू?"

शिवांगीची बोटं जागच्या जागी थांबली. एक गोळी, मग खिडकी सोडायची. आता हे कमलिनीलाही ठाऊक झालं होतं.

"शिवांगी, अगं खिडकी..."

शिवांगीनं बटण दाबलं.

"कमलिनीची," ती म्हणाली.

गोळी आली. पडदा लालभडक झाला. लखनऊ गेलं. नोएडात अक्षतनं कपाळावर हात मारून घेतल्याचं इथवर ऐकू आलं.

"कमलिनी?" नानीचा आवाज एकदम मऊ झाला. "कुठली गं कमलिनी? लक्ष्मी गेटची का?"

कमलिनीनं परात खाली ठेवली. मटारानं हिरवी झालेली बोटं पदराला पुसली, आणि कीबोर्डवरच्या त्या सगळ्या बटणांकडे गोंधळून बघत राहिली.

शिवांगीनं आईचं बोट धरून बटणावर ठेवलं.

"दाबून धर," ती म्हणाली. "सोडलंस तर ऐकू जाणार नाही."