पहिलं माईन

“थँक यू, नोंग सांतोय!”

हातातल्या जुन्या फोनमधून लव्हलीचा लाडिक आवाज आला आणि दिविनाच्या अंगाचा तिळपापड झाला. सांतोय म्हणजे दिविनाचा नवरा. बाहेर पायरीवर तो आपला फोन घेऊन बसला होता आणि त्यानं आत्ताच लव्हलीच्या लाल फुलांच्या गाऊनवर ‘माईन’ लिहिलं होतं.

फिलिपिन्समधल्या या दुमागेते गावात फोनच्या लाईव्हवर कपडे विकायची हीच रीत. बाईनं गाऊन वर धरायचा, जो आधी ‘माईन’, म्हणजे ‘माझा’, लिहील त्याचा तो झाला, आणि मग बाईनं त्याचं नाव घेऊन आभार मानायचे. पुरुषाला ‘नोंग’, बाईला ‘मनांग’, म्हणजे दादा-ताईच्या थाटात, वर चार चेष्टा. ‘नोंग, सासूला घेताय का? मग घट्टच देते!’ लोक गाऊनला भुलतात की स्वतःच्या नावाला, देव जाणे. पण दोन गल्ल्या पलीकडच्या त्या भवानी लव्हलीकडे रोज संध्याकाळी ही झुंबड!

दिविनाही गाऊनच विकायची. पण तिची तऱ्हा वेगळी. मनिलातल्या भाचीनं शिकवलं तसं ओठ रंगवून, पाठ ताठ करून ती इंग्रजीत सुरू करायची, “शुभ संध्या, आदरणीय ग्राहकहो.” जाहिरातीत उंच, गोरी, परदेशी बाई. बघायला तीन माणसं आणि त्यातली एक भाची. ‘माईन’ म्हणायला चिटपाखरू नाही.

म्हणून तिनं जुन्या फोनवर ‘रोझा’ नावाचं खोटं खातं उघडलं. फोटो म्हणून स्वयंपाकघराच्या दारावरच्या पडद्यातला गुलाब लावला. गुलाबाशेजारी इस्त्रीचा डाग आला होता, पण तो कोण बघतंय? रोझा होऊन ती रोज लव्हलीकडे चोरून डोकवायची. गेली होती धंद्याचं गुपित शोधायला, आणि तिथे सापडला नवरा! रोझा जाऊन टेकते न टेकते तोच याचं ‘माईन’ हजर. घरात मात्र एकही गाऊन आला नव्हता. मग जात होते कुणाच्या घरी?

आज स्टँडवरच्या फोनपुढे ‘आदरणीय ग्राहकहो’ म्हणता म्हणता तिनं हातातल्या जुन्या फोनवर ते लाल फुलांचं ‘माईन’ पाहिलं आणि तिचा तोल सुटला. घाईघाईनं बटण दाबून तिनं आपलं लाईव्ह बंद केलं. निदान तिला तसं वाटलं.

“ए! आत ये आधी!”

सांतोय आत आला.

“कुठल्या सटवीसाठी घेतोस रे ते गाऊन?” हातातला निळा गाऊन ती त्याच्या नाकापुढे नाचवू लागली. “बायकोकडे हा ढीग पडलाय! खेच, ताण, दहादा धू, रंग गेला तर नाव बदलीन मी! आणि तू त्या लव्हलीकडे जाऊन माईन माईन करतोस? लाज नाही वाटत?”

“एकही घेतला नाही गं,” सांतोय म्हणाला. “नुसतं लिहितो. मग गुपचूप कळवतो तिला, दुसऱ्या कुणाला दे म्हणून.”

“का पण?”

“ती नाव घेते माझं.” त्यानं मान खाली घातली. “या घरात मी नुसता ‘ए’ आहे.”

तेवढ्यात स्टँडवरचा फोन टिणटिण करायला लागला. दिविनानं वळून पाहिलं. लाईव्ह चालूच होतं! तिघांचे तीनशे झाले होते. भांडणाचा सुगावा लागून लव्हलीकडची सगळी जत्रा इकडे लोटली होती. ‘निळा माईन!’ ‘मनांग, मोठ्या मापात आहे का?’ ‘मनांग, जाऊ द्या हो, गरीब आहेत नोंग!’ आणि मधेच कुणी आगाऊनं लिहिलं होतं, ‘नवरा केवढ्याला देता?’

दिविनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आता झाकायचं तरी काय उरलं होतं? तिनं पदरी पडलेलं पवित्र केलं, कमरेवर हात ठेवला आणि इंग्रजी सोडून आपल्या रोजच्या बोलीत सुरुवात केली.

“हा होय? वापरलेला माल आहे, बायांनो. घोरतो. एक गुडघा कुरकुरतो. एकदा नेला की परत घेणार नाही. बोला!”

फोनवर हशा उसळला. आणि खाली अक्षरं उमटली, ‘लव्हली आली आहे.’ आता ही ‘माईन’ लिहिणार! थट्टेत का होईना, ही भवानी लिहिणारच! दिविनानं मागचापुढचा विचार न करता जुना फोन उचलला आणि अंगठा चालवला.

‘माईन.’

रोझाचं पहिलं आलं. पाठोपाठ लव्हलीचं. ‘अगंबाई, थोडक्यात हुकले!’ लव्हलीनं लिहिलं. ‘पण ही रोझा कोण हो? माझ्याकडेही रोज येऊन बसते, घेत काही नाही.’

दिविनाचा चेहरा लालबुंद झाला. जुना फोन तिनं पाठीमागे लपवला. पण रीत ती रीत, नाव तर घ्यायलाच हवं.

“रोझाला मिळाला,” ती कशीबशी म्हणाली, “सांतोय.”

किती वर्षांनी ते नाव तिच्या तोंडी आलं होतं. सांतोयनं मान वर केली. तो हसला, आणि जाऊन त्यानं स्वयंपाकघराच्या पडद्यावर, गुलाबाशेजारच्या इस्त्रीच्या डागावर बोट ठेवलं.

“रोझाला मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं,” तो म्हणाला. “ती आली की मगच लिहायचो. लव्हली नाव घ्यायची ते मला ऐकायचं नव्हतं, दिविना. तुला ऐकवायचं होतं.”