द्राक्षासव

“दारू घेता का?” डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आई पदराआड हसली होती. “अहो, आमच्या घरात कुणी नावही काढत नाही.” ल्युपस या आजाराच्या गोळ्या चालू असताना थेंबही नको, यकृत जाईल, असं त्यांनी बजावलं.

थकवा वाढला म्हणून मीच तिला आयुर्वेदिक दुकानातून द्राक्षासव आणलं. दोन वर्षं, दोन्ही जेवणांनंतर. गोड लागतं म्हणून चार चमच्यांचं अर्धं फुलपात्र झालं.

यकृत गेलं, आईला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे औषधांची पिशवी मागितली. आसवाच्या बाटलीवर बारीक अक्षरांत अल्कोहोलचं प्रमाण छापलेलं होतं. त्यांनी त्यावर नुसतं बोट ठेवलं.

आईचे डोळे पिवळे झाले होते. “तुझ्या आसवावरच एवढे दिवस निघाले गं,” ती म्हणाली. “घरी गेल्यावर नवी बाटली आण.”

मी हो म्हटलं.