सातवीचा वर्ग रडला

अनघा तापाने गेली, तरी दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात कोणी रडलं नाही. मनात दुःख दाटलं की प्रत्येकाच्या मनगटावरची पट्टी ते तिथल्या तिथे निववत असे. मुलं निवांत अपूर्णांक सोडवत होती. काल अनघाच्या आईला भेटून आल्यावर आपणही पोटभर जेवलो, हे टेंभुर्णे बाईंना आठवलं. त्यांनी स्वतःची पट्टी काढून टेबलावर ठेवली. थोड्याच वेळात त्या मुलांसमोरच रडू लागल्या.

"बाई, बरं वाटत नाही का?" अनघाच्या शेजारी बसणाऱ्या चैतालीने विचारलं.

"अनघाची आठवण येते गं."

चैतालीने टेबलावरची बाईंची पट्टी पाहिली. मग तिनेही पट्टी सोडली आणि ती हुंदके देऊ लागली. हळूहळू सगळ्या वर्गाने पट्ट्या काढल्या.

पट्ट्या निघाल्याचा इशारा कार्यालयात वाजताच मुख्याध्यापक वाघाये सर धावत आले.

"बाई, आधी पट्ट्या घालायला लावा. तुमची नोकरी जाईल."

"जाऊ द्या, सर. मैत्रीण गेली आहे त्यांची. तुम्हीही शिकवलंय तिला. पट्टी काढा आणि बसा इथं."

सर पट्टी न काढताच निघून गेले. बाईंनी दाराला आतून कडी घातली आणि त्या चैतालीला जवळ घेऊन बसल्या.