तीन भालचंद्रराव

दवाखान्यातल्या पडद्यावर संगणकाने घडवलेले तीन भालचंद्रराव बसले होते. प्रत्येकाने दहा वर्षं ब्लडप्रेशरची वेगळी गोळी, वेगळा बीटा ब्लॉकर, घेतला होता. खरे भालचंद्रराव बायकोशेजारी बसले होते. त्यांची पहिली गोळी अजून ठरायची होती.

"पहिल्याचं ब्लडप्रेशर सगळ्यात छान," डॉक्टर म्हणाले. "तिसऱ्याचं जरासं चढं, पण धोका नाही. काही विचारायचंय, काकू?"

दमयंतीबाई पडद्याकडे वळल्या. "अहो, आज आमटीत मीठ दोनदा पडलंय."

"असू दे," पहिला म्हणाला.

"चालेल," दुसरा म्हणाला.

"दोनदा? लक्ष कुठे असतं तुझं?" तिसरा कडाडला. "आता पिठलं टाक!"

दमयंतीबाईंचा जीव भांड्यात पडला.

"हे आमचे," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "यांचीच गोळी लिहून द्या."