गोल गोष्ट

बाबांनी गोष्ट पाचव्यांदा सुरू केली तेव्हा लेकीच्या हातात नळी होती आणि नळीत डीएनए.

“दुकान बंद करायची वेळ झाली होती,” बाबा म्हणाले.

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर ते ताठ बसले होते. घरी त्यांच्याजवळ थांबणारी बाई आज आली नव्हती, म्हणून लेक त्यांना सोबत घेऊन आली होती. पाहुण्यांच्या वहीत ‘येण्याचं कारण’ या रकान्यात तिनं ‘तपासणी’ असं लिहिलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. चाळीस वर्षं केशकर्तनालय चालवलेल्या माणसानं आल्या आल्या सगळ्यांची डोकी तपासली होती. विभागप्रमुख बाईंना तर त्यांनी विचारलं होतं, “मागून कुणी कापलेत? त्याचा काही राग होता का तुमच्यावर?” तेव्हापासून बाई भिंतीला पाठ लावून चालत होत्या.

“कात्री पुसून ठेवली होती. तेवढ्यात ही आली, धाकट्या भावाचा कान धरून. पोराच्या डोक्यावर नुसतं रान. मी कापले. हिनं त्याला दिव्याखाली उभं करून गोल फिरवलं, नीट बघितलं आणि मला म्हणाली…”

बाबा थांबले. मान डावीकडे वळवली. डावीकडे फ्रीज होता.

“दुकान बंद करायची वेळ झाली होती,” ते म्हणाले.

आई गेल्यापासून चार महिने हे असंच चाललं होतं. गोष्ट घराच्या दारापर्यंत यायची आणि आत न शिरता पुन्हा गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची. आई काय म्हणाली ते लेकीला ठाऊक नव्हतं. आता सांगतील तर बाबाच, आणि बाबांकडचंही झिजत चाललं होतं. महिन्यापूर्वीपर्यंत गोष्टीत दुकानाच्या पायरीवर एक मांजर असायचं. हल्ली ते येत नव्हतं.

“काय म्हणाली, बाबा?” लेकीनं मधेच विचारलं.

“कोण?” बाबा दचकले. मग पुन्हा दुकान बंद करायची वेळ झाली.

तिनं नळीत एन्झाइमचा थेंब सोडला. बाबा बघत होते.

“काय करतेस?”

“हा डीएनए गोल आहे, बाबा. बांगडीसारखा. हा वाचून आरएनए बनवायचा. पण वाचणारा जो एन्झाइम आहे ना, तो भोळा. गोल दिलं की फिरतच राहतो. कुठं थांबायचं ते त्याला कळत नाही.”

“मग कापायचं.”

“तेच करतेय. जुन्या एन्झाइमनं दोन जागी कापून ठेवलं. दोन तुकडे, एकही कामाचा नाही. हा नवा. जनुकं दुरुस्त करायला वापरतात, तो. ह्याला आधी पत्ता लिहून द्यायचा. तेवढीच जागा शोधतो आणि तिथंच कापतो.”

“शहाणा आहे,” बाबा म्हणाले. “कापता कुणालाही येतं. कुठं कापायचं नाही, ते शिकायला मला सहा वर्षं लागली.”

नळी उबेला ठेवली. पुढच्या दीड तासात दुकान आणखी अकरा वेळा बंद व्हायला आलं. मग लेकीनं थेंबभर डीएनए जेलच्या पातळ वडीत सोडला, तुकडे वेगळे व्हायला वीज लावली आणि फोटो काढला. एकच रेघ, म्हणजे एकच तुकडा. एका जागी, एकदाच कापलेला.

फोटो दाखवायला ती बाबांच्या डाव्या हाताला येऊन उभी राहिली.

“…नीट बघितलं आणि मला म्हणाली…”

बाबा थांबले. मान डावीकडे वळली. या वेळी नजरेसमोर फ्रीज नव्हता, ती होती, आणि तिला ती नजर सरळ दिसली. विसरलेल्या माणसाची नव्हती. वाट बघणाऱ्याची होती.

जेवणाच्या टेबलापाशी आई डावीकडे बसायची. गोष्ट इथवर आली की दर वेळी आईच ती थांबवायची.

लेकीनं घसा साफ केला.

“अहो,” ती म्हणाली. नुसतं अहो, पुढे बाबा नाही. “पुरे आता. पोरीसमोर.”

बाबांचे खांदे खाली आले. कुणीतरी हातातली पिशवी घ्यावी, तसे.

“झोपली का पोरगी?”

तिनं फोटोकडे बघितलं. “झोपली.”

“मग कुणाला लाजायचं?” बाबा हळूच म्हणाले. “तू म्हणालीस, जरा लांबच राहू द्या. म्हणजे परत लवकर आणता येईल.”

ते हसले. “आणि आणलंस की. आठ-आठ दिवसांनी. त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर कापायला काही उरेना. मी आपला हवेत कात्री वाजवायचो.”

त्यांची दोन बोटं दोनदा उघडली, दोनदा मिटली आणि गुडघ्यावर जाऊन बसली.

गोष्ट संपली होती.

लेक टेबलापाशी परतली. कापलेल्या डीएनएत तिनं तो भोळा, वाचणारा एन्झाइम सोडला, झाकण लावलं, वेळ लिहिली. खोलीत फ्रीजची घरघर तेवढी ऐकू येत होती. चार महिने तिनं ह्याच शांततेसाठी देव पाण्यात ठेवले होते.

तीन मिनिटं तिनं ती सोसली.

“दुकान बंद करायची वेळ झाली होती,” ती म्हणाली.

बाबांनी स्टूल तिच्याकडे वळवलं.

“मग?”